सोनाराची बारीक पकड

आज माझी मनू तिच्या लेकीचे कान टोचायचे म्हणून वाटीत हळद-खोबरेल कालवत होती. त्या वासानेच मला मनूचे कान टोचले तो दिवस आठवला.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. कॅम्प चारमधल्या सिंधी सोनाराकडे वर्षभराची मनू माझ्या मांडीवर होती. सोन्याची तार कानातून गेली होती. तिचं टोक वळवायला सोनाराने पकड उचलली. तारेऐवजी ती कोवळी पाळीच चिमटली तर? मी डोळे गच्च मिटले.

"साईं, बच्ची गप्प आहे. माझा हात तेवढा सोडा!"

बघतो तर मी सोनाराचंच मनगट आवळून बसलेलो. आता कळतं, मनूच्या कानाला धोका पकडीचा नव्हताच, माझा होता.

"बाबा, तुम्ही घरीच थांबा," हळदीची वाटी उचलत मनू म्हणाली.

निघायला म्हणून घातलेली चप्पल मी काढून ठेवली.