काळ्या मातीवर ओतलेला डंपर

नाशिकचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही रामकुंड, त्र्यंबक आणि झणझणीत मिसळीची वाट बघत बसला असाल. बसा. मी मुरमाची खाण बघायला गेलो होतो.

पेजरचा जमाना होता. निफाडचं कॉलेज बुडवून मामाच्या स्कूटरवर मागं बसलो. मामा खाणींचे नकाशे करायचा. दिंडोरी गेली, द्राक्षबागा संपल्या आणि एका माळावर स्कूटर थांबली. मला वाटलेलं, भला मोठा खड्डा असेल. खड्डा होता, पण त्याला लागूनच बाजरी उभी!

"मागच्या साली इथंच खाण होती," मामा म्हणाला. "एकेक पट्टी खोदायची. आधी वरची काळी माती काढून बाजूला रचायची. मुरूम काढला की टाकाऊ गोट्यांनी खड्डा भरायचा, वर तीच माती पसरायची. मगच पुढची पट्टी."

ही अट जमिनीच्या मालकीणबाईंची, वच्छीमावशींची. दुसऱ्या पट्टीची माती खड्ड्याशेजारी ढीग करून ठेवलेली. ती पसरून मावशींना हरभरा पेरायचा होता.

"कोणाचा रे तू?" बांधावर भाकरी सोडत बसलेल्या मावशींनी मला विचारलं.

"ह्यांचा भाचा."

"मंग उपाशी काय उभा राहिला? बस."

भाकरी आणि लसणाचा ठेचा खाता खाता मी एसटीचा कंडक्टर करून दाखवला, मग तिथल्या मुकादमाचा फाटक्या भोंग्यासारखा आवाज काढला. मावशींनी तोंडाला पदर लावला. "अगं बया, मुकादमच हाय की!"

झालं, मला चढली.

गोटे भरलेला डंपर खड्ड्याकडं मागं मागं येत होता. ड्रायव्हरला मागचं दिसायचं नाही, तो मुकादमाच्या आवाजावर चालायचा. मुकादम पाणी प्यायला गेलेला. मी ढिगाआडून ओरडलो, "येऊ दे... येऊ दे... बास! मार!"

वाटलं, ड्रायव्हर वळून बघेल, हसेल. त्यानं मारला. सगळे गोटे काळ्या मातीवर.

काम थांबलं. मुकादम, ड्रायव्हर, मामा, मी, सगळे ऊन उतरेपर्यंत घमेली घेऊन गोटे वेचत होतो. बारीक खडे मात्र मातीत गेले ते गेलेच.

आठ-दहा वर्षांनी त्या रस्त्यानं गेलो. खाण नक्की कुठं होती, ओळखूच येईना. सगळीकडं हरभरा. आनंद व्हायला पाहिजे होता, पण चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मावशींचं त्या संध्याकाळचं बोलणं तेवढं जसंच्या तसं कानात होतं:

"लय नकला येतात ना तुला? कंडक्टर होतो, मुकादम होतो. माझ्या आजसासऱ्यापासून शेणखत घालून घालून ही माती झाली. तुला एक मूठ करता येईल का? मला आता ह्या खड्यांत पेरावं लागंल! आन् रडू काय राहिला? तो गोटा दिसत नाय का समोरचा? उचल!"