तिघेही डावरे

२०१७ साली परदेशात, हॅलिफॅक्सच्या एका छोट्या संग्रहालयात माझे प्रोबेशन चालू होते. प्रमुख बाईंनी परीक्षा म्हणून एक चित्र हातात दिले. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराने जवळच्याच एका गावच्या किनाऱ्यावर बसून तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले आणि मग कागदावर छापलेले. त्याचे साल ठरवायचे, नोंद लिहायची. नोंद पटली तर नोकरी पक्की, नाही तर नमस्कार.

मी तडक त्या गावी गेले. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की उजवीकडे लाटा अडवणारी जुनी दगडी भिंत दिसते; ती बांधल्याचे साल तिच्यावरच कोरलेले आहे. चित्रात उजवीकडे नुसते पाणी, डावीकडे थोडे खडक. म्हणजे चित्र भिंतीच्या आधीचे! मी ऐटीत नोंद लिहिली. बाईंनी खाली ‘छान’ असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी कौतुकाने भिंगातून चित्र पुन्हा बघत बसले. तीन कोळी जाळे शिवत होते, आणि तिघांच्याही सुया डाव्या हातात. मी वसईच्या कोळीवाड्यात वाढलेली. आमच्याकडे डावरा एकच होता आणि त्याला अख्खा पाडा चिडवायचा. इथे तिघेच्या तिघे?

पत्र्यावर कोरलेले कागदावर उलटे उमटते, हे या धंद्यातले शेंबडे पोरही सांगेल. चित्राची झेरॉक्स घेऊन वॉशरूममधल्या आरशासमोर धरली. सुया उजव्या हातांत गेल्या, आणि माझे ‘खडक’ उजवीकडे सरकले. ते खडक नव्हतेच. ती अर्धवट बांधलेली भिंत होती, वर फळ्या आणि दोर. चित्र भिंत बांधत असतानाचे होते!

आनंदाने नाचावेसे वाटले आणि लगेच आठवले, ‘छान’ शेरा मिळालेली माझी नोंद चुकीची होती. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होते? नोकरी तर हातात आलीच होती. पण तिघे उजव्या हाताचे कोळी जन्मभर डावरे ठेवायचे, हे माझ्याच्याने होईना.

“माझी नोंद चुकली,” मी बाईंसमोर चित्र आणि एक छोटा आरसा ठेवून म्हणाले.

त्यांनी चित्र आरशात धरून पाहिले आणि त्या खो खो हसत सुटल्या. “अगं, मीही इथे आल्यापासून भिंतीच्या आधीचेच सांगत आलेय! सोमवारपासून माझ्या सगळ्या जुन्या नोंदी तू तपासायच्या.”

“पण माझे प्रोबेशन?”

“संपले.”

मी वॉशरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. मग तोंड धुतले आणि सोमवारची वाट न बघता बाईंची पहिली फाइल उघडली.