बाभळीची लांब लाकडं

आमच्याकडे चुलीचं लाकूड हातभर तोडतात. पुरुषभर लांब लाकूड एकाच कामाला लागतं, आणि त्या कामाला बायका जात नाहीत. तरी ते ट्रॅक्टरने घरी आणलं मीच.

सासरे, मी त्यांना मामा म्हणते, ऐन पौषाच्या थंडीत मंचरच्या दवाखान्यातून घरी आले. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरीच सेवा करा. मामांना मात्र सांगायचं की पोटाला सूज आहे, औषधाने उतरेल. असं ठरलं आणि ठरवणारा सोमवारी चाकणला कंपनीत निघून गेला. रोज खोटं बोलायला मी उरले.

त्याच आठवड्यात चुलत सासरे आले. गोठ्यापाशी नेऊन हळूच म्हणाले, "सूनबाई, लाकडाचं बघाया पायजे. आधी माणूस गेला की घरटी एक लाकूड निघायचं. आता घरोघर गॅस. रानात बघावं तर नुसता ऊस. ऐनवेळी कुठं हिंडायचं?"

मला इतका संताप आला! माणूस पडवीत उन्हाला बसलाय, चहा मागतोय, आणि ह्यांचं हे. पण बोलणं खोटं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

ओढ्याच्या बांधावर एक बाभळ गेल्या वर्षीच्या वाऱ्यात पडून वाळली होती. बिबट्याच्या भीतीने मी आणि चुलत सासरे भरदुपारीच गेलो. ट्रॅक्टर आमचा छोटा, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा. मला तो मामांनीच शिकवला. "क्लच सोडतीस का दाव्याचं जनावर?" असं सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायचे. लग्नानंतर इतकं कुणी मला ओरडलं नव्हतं, आणि इतकं कुणी शिकवलंही नव्हतं.

चुलत सासऱ्यांनी कटर चालू केला. मी सवयीने हातभरावर खूण करायला गेले, तर म्हणाले, "लांबच ऱ्हाऊ दे." मग मी लाकडं उचलत राहिले. हाताला काटे लागत होते. लागू देत म्हटलं, निदान रडायला निमित्त झालं.

परत येताना चुलत सासरे त्यांच्या घरापाशी उतरले. मी ट्रॅक्टर अंगणात न घेता वळसा घालून गोठ्यामागे नेला आणि ट्रॉली रिकामी केली. लाकडं पडल्याचा आवाज झालाच. पडवीतून मामांची हाक आली.

"काय आणलंस गं?"

"सरपण, मामा. पाणी तापवायला."

"मग चुलीम्होरं टाकायचं. गोठ्यामागं कशापायी न्हेलं?" मी ट्रॉलीची फळी लावत राहिले. तेच पुढे म्हणाले, "आन बघू एक हिकडं."

मी कुऱ्हाड घेतली, एका लाकडाचा हातभर तुकडा तोडला आणि तो नेऊन दाखवला. मोठी शहाणी समजत होते स्वतःला. मामांनी तुकडा मांडीवर घेतला. एक टोक कटरने कापलेलं, सपाट. दुसरं कुऱ्हाडीचं, आत्ताच्या आत्ता तोडलेलं, ढलप्या निघालेलं. दोन्ही टोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला. जन्मभर बाभळी तोडलेल्या माणसाला मी फसवायला निघाले होते.

मग त्यांनी विचारलं, "वाळल्यालं हाय ना समदं? वल्लं आसलं तर पोरांना लई येळ थांबावं लागतंय तिथं."

सूज उतरतेय, मामा, असं म्हणायचं होतं. रोज मी तेच म्हणत होते. तोंडातून निघालं, "वाळलंय, मामा."

"मंग बरं." तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. "ह्यो चुलीत घाल आन् आंगूळीला पाणी ठिव. थंडी वाजतीया."

मी न्हाणीमागच्या चुलीत तो घातला. लगेच पेटला. पाणी कढत झालं, आतून मामांनी दोनदा हाक मारली, तरी मला उठता येईना. डोळ्यांत धूर गेला म्हणावं, तर त्या लाकडाला धूरच नव्हता.