एक खोड सांगा

गायन पार्टीत गाणं कमी आणि प्रवास जास्त! आष्टीहून निघालं की परतूर, जालना, कधी पार भोकरदन. गाडीत बसलं की मागच्या कार्यक्रमातलं काहीतरी निघतंच. एकाने सांगितलं की दुसरा मीठमसाला लावतो, आणि गाव येईपर्यंत किस्सा असा काही तयार होतो की ज्याच्यासोबत घडला त्यालाही ओळखू येत नाही. यंदाचे आमचे सगळे किस्से मात्र एका अ‍ॅपचे आहेत. त्यांना मसाला लावायची गरजच पडली नाही.

आम्ही चौघं. मी बँजोवर, रामदास ढोलकीवर, सिद्धार्थ कीबोर्डवर. त्याचं आष्टीत मोबाईलचं दुकान आहे. आणि गाणी रचणारे, गाणारे उत्तमकाका. जयंती, लग्न, बारसं, सगळीकडे आम्ही जातो. आमच्या बौद्ध समाजात माणूस गेला की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याच्यावर गाणं म्हणायची पद्धत आहे. काकांचा हात त्यात धरणारा कोणी नव्हता.

अशात सिद्धार्थने एआयचं अ‍ॅप आणलं. माहिती लिहा, मिनिटभरात गाणं तयार. चाल, वाद्यं, आवाज, सगळं! आपण फक्त स्पीकर लावायचा आणि वरून वाजवायचं.

*

पहिलाच प्रयोग गावातल्या एका बारशाचा. सिद्धार्थ घाईत होता. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं निमंत्रण उचललं आणि जसंच्या तसं अ‍ॅपमध्ये टाकलं. ऐकून पाहायला वेळ कोणाला होता!

मांडवात गाणं सुरू झालं. बाळाचं नाव आलं, आजी-आजोबांची नावं आली, माणसं माना डोलवायला लागली. मग बाईच्या गोड आवाजात आलं, "बसस्टँडच्या मागेऽऽ, पाण्याच्या टाकीजवळऽऽ." आणि शेवटी सूर पार वर नेऊन, दोनदोनदा, "कृपया आहेर आणू नयेऽऽ!"

बाळाची आजी तरातरा स्टेजपाशी आली. "अवो, ते पत्रिकेत लिहायचं असतंय! गाऊन कोणी सांगतंय का?"

*

आता काकांची पद्धत सांगतो. ज्या घरी माणूस गेला, तिथे काका कार्यक्रमाच्या आधी एकदा जायचे. घरचे सतरंजी टाकायचे. काका मांडी घालून बसायचे आणि जन्म कधीचा, नोकरी कुठं, असलं काही विचारायचेच नाहीत.

"माणसाची एक खोड सांगा."

घरच्यांना आधी राग यायचा. मग कोणीतरी हळूच एक सांगायचं. मग दुसरा म्हणायचा, ते काहीच न्हाई, हे ऐका! बघता बघता सगळं घर हसायला लागायचं, आणि हसता हसता रडायला. एका गुरुजींना एसटीचं तिकीट कानावर खोचायची सवय होती. घरी आल्यावरही काढायचे नाहीत. काकांनी ते तिकीट गाण्यात आणलं. कार्यक्रमात पुढे बसलेल्या त्यांच्या बायकोचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. मी बँजो वाजवायचा विसरलो होतो.

*

भोकरदनच्या कार्यक्रमाला काकांना ताप होता. गेलेला माणूस एसटीचा ड्रायव्हर. सिद्धार्थ म्हणाला, "टेन्शन न्हाई, अ‍ॅप है ना." त्याने नाव, गाव, नोकरी टाकली. बाकीचं अ‍ॅपने मनाने भरलं. "शांत स्वभाव, गोड वाणी, कधी न चढला आवाज..."

पुढे बसलेली त्याची बायको मुलाकडे वळली. "हे आपल्याच घरी आलेत ना? का शेजारचं कोणी गेलंय?"

सगळा मांडव हसला. नंतर कळलं, त्या माणसाच्या शिव्या पुढच्या स्टॉपला ऐकू जायच्या!

परत आल्यावर आम्ही काकांना हे रंगवून सांगितलं. काका हसले नाहीत. "मंग खरा कसा व्हता तो?" त्यांनी विचारलं.

शिव्यांपलीकडे आम्हाला कोणालाच काही माहीत नव्हतं.

*

काकांना अ‍ॅपचा राग नव्हता बरं का. एकदा दुकानात येऊन बसले, म्हणाले, "दाखव की मला पण." सिद्धार्थने मोबाईल हातात दिला. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. स्क्रीनवर आलं, मूड निवडा: आनंदी, दुःखी.

काका बराच वेळ बोट वर धरून बसले.

"दोन्ही एकदम न्हाई का दाबता येत?"

*

मग हळूहळू काकांना बोलावणं कमी झालं. कोणी ठरवलं नव्हतं. कशाला त्यांना त्रास, वय झालंय, असं आम्हीच एकमेकांना म्हणायचो, आणि म्हणताना बरं वाटायचं. आता आठवलं की लाज वाटते.

एका सकाळी आम्ही निघालो, तर काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चौकात उभे. "जागा है का गाडीत?"

जागा नव्हती. मागच्या सीटवर नवा स्पीकर ठेवला होता. काकांनी काचेतून आत पाहिलं.

"असू द्या. त्याला खिडकीजवळ बसवा, रस्ता तरी पाहील."

आम्ही हसलो. गाडी निघाली. जालना येईपर्यंत कोणी किस्सा काढला नाही.

*

काका गेले. अचानकच गेले.

गाणं तर करायलाच हवं होतं. सिद्धार्थच्या दुकानात तिघं बसलो. अ‍ॅप उघडलं. व्यक्तीबद्दल माहिती लिहा.

"प्रेमळ लिही," रामदास म्हणाला.

"कष्टाळू," मी म्हणालो.

"मनमिळाऊ," सिद्धार्थने स्वतःच टाकलं.

पुढे काही सुचेना. काकांना चहात साखर कमी लागायची की जास्त, यावर माझं आणि रामदासचं भांडण झालं. अर्धं आयुष्य एका गाडीत काढलेली माणसं आम्ही! सगळ्यांना विचारणारे काका. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

गाणं मिनिटभरात आलं. चाल छान होती. शब्द भोकरदनच्या ड्रायव्हरच्या गाण्यातलेच होते.

*

कार्यक्रम काकांच्या दारातच झाला. माणसं पांगल्यावर आम्ही कौसल्याकाकूंचा निरोप घ्यायला गेलो. काकू ओसरीत बसल्या होत्या.

"गाणं चांगलं झालं रे बाबांनो," त्या म्हणाल्या.

आम्ही माना खाली घातल्या.

"ते गेले तवापासून मी आठवून ठेवून राह्यलते. एकेक खोड. हसू यायचं, मंग तोंडाला पदर लावायचा. लोक काय म्हणतील! म्हणलं, पोरं येतील, बसतील, विचारतील. रोज दारात गाडी वाजली की उठायचे."

रामदास कसाबसा म्हणाला, "काकू, आता सांगा ना."

"आता झालं की गाणं," काकू म्हणाल्या. उठल्या, ओसरीत अंथरलेली सतरंजी झटकली, आणि गुंडाळून आत घेऊन गेल्या.