आधी एक फोन लाव

खात्रीसरांना एखादा आकडा दाखवला की ते आकड्याकडे बघायचे नाहीत, दाखवणाऱ्याकडे बघायचे. चष्मा कपाळावर सरकवायचा, खुर्ची थोडी मागे घ्यायची आणि शांतपणे विचारायचं, "कोणाला फोन केलास?" मी नवीन होते तेव्हा मला या प्रश्नाचा इतका राग यायचा की सांगता सोय नाही. रात्रंदिवस अभ्यास करून संख्याशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलीला कुणी फोन लावायला सांगावं, हा मला सरळसरळ अपमान वाटायचा.

आमचा धंदा काय, हे महाडात समजावून सांगणं कठीणच. वेबसाइटवर किती लोक येतात, कुठून येतात, काय बघतात, कुठे येऊन परत फिरतात, याच्या नोंदी तपासायच्या आणि त्यातून काय ते मालकाला सांगायचं. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. माझी आई मात्र विचारणाऱ्याला "ती कंप्युटरात आहे" एवढंच सांगून मोकळी व्हायची. बाजारपेठेत एका फरसाणवाल्याच्या दुकानावर पहिल्या मजल्याला आमचं ऑफिस होतं. खाली शेवेचा घाणा पडला की वर पुण्याच्या गिऱ्हाइकाशी चाललेल्या मीटिंगमध्येही सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

सरांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते नाव कुणी घेत नसे. "खात्री केलीस का?" हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकल्यावर ऑफिसातल्या पोरांनी हे नाव पाडलं, आणि पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. सर मूळचे पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीचे. मुंबईत मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून आईच्या आजारपणात परत आले ते इथेच राहिले. व्हिडिओ कॉलवर स्वच्छ इंग्रजी बोलायचे आणि कॅमेरा बंद झाला की आमच्याकडे वळून म्हणायचे, "ह्याला काय बी कळलेलं नाय, पण मान हलवतोय छान." वाडीची बोली त्यांनी मुंबईत विसरायची नाही असं ठरवलंच होतं म्हणे.

पहिल्या दिवशी मला कंप्युटरला हात लावू दिला नाही. एक जुनी लांबट वही पुढ्यात टाकली. तिच्यावर निळ्या शाईने 'चुका' एवढंच लिहिलेलं. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाने आधी ती वाचायची आणि पुढे स्वतःच्या हाताने तिच्यात भर घालायची, अशी तिथली पद्धत. पहिली नोंद खुद्द सरांची, मुंबईतली. एका कंपनीच्या वेबसाइटवर येणारी माणसं एकाएकी वाढली म्हणून सरांनी मालकाचं अभिनंदन केलं, मालकाने पेढे वाटले. चार दिवसांनी कळलं की मालकाने मोठ्या आवडीने सगळ्या नोकरांना सकाळी आल्यावर आपलीच वेबसाइट उघडून ठेवायला सांगितली होती. नोंदीखाली सरांनी लिहिलं होतं, 'पेढे चांगले होते.'

दुपारी मला खाली बाजारात घेऊन गेले. महाडात पुराच्या पाण्याच्या खुणा दुकानादुकानांच्या भिंतींवर आहेत, आम्हाला त्यांचं काही विशेष वाटत नाही. सरांनी दोन शेजारशेजारची दुकानं दाखवली. एकाची रेघ माझ्या कमरेला, दुसऱ्याची छातीला. "पाणी कुठं जास्त चढलं?" त्यांनी विचारलं. मी छातीकडे बोट दाखवलं. सरांनी दोन्ही दुकानदारांना हाक मारली. पहिल्याने पुरानंतर दुकानाची जमीन भर घालून उंच केली होती, म्हणून त्याची रेघ आता खाली दिसत होती. दुसऱ्याने रेघ मारली ती पाणी उतरायला लागल्यावर, माळ्यावरून खाली आल्यानंतर. म्हणजे खरं पाणी दोन्हीकडे दिसतं त्याहून जास्त चढलेलं. "रेघ खोटी नाय गो बाय," सर म्हणाले, "पण तिला एकटीला विचारून काय उपयोग नाय. रेघ मारणाऱ्याला विचारायचं." एवढं बोलून त्यांनी पाव किलो पापडी घेतली आणि विषय संपला.

अशीच एक गोष्ट जवळच्या सव गावातल्या खाणावळवाल्याची. गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्यांसाठी त्याने जेवणाची सोय केली होती आणि भाच्याकडून वेबसाइट बनवून घेतली होती. लोक येतात आणि पंधरा सेकंदांत निघून जातात, हे मी त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं. तो बिचारा घाबरला. फोटो वाढवू का, रंग बदलू का, विचारू लागला. सरांनी त्याच्याच फोनवरून, चौकशी करून गेलेल्या तिघांना फोन लावले. तिघांचं उत्तर एकच: आज जेवण मिळेल का ते विचारायला नंबर हवा होता, वर लगेच दिसला, लावला. सर मला म्हणाले, "पंधरा सेकंदांत काम झालं, माणूस गेला. दहा मिनटं तिथं अडकून पडला असता तर मी काळजी केली असती." खाणावळवाल्याने त्या दिवशी आम्हाला वालाचं बिरडं खाऊ घातलं. मी मात्र घुश्शातच जेवले.

इतकं सगळं समोर घडूनही मी शिकले नव्हते. शिकले ती माझ्याच चुकीने, आणि ती चूक दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर बेतली असती.

तळीये गावावर दरड कोसळल्यानंतर डोंगरातल्या वाड्यांकडे बाहेरच्यांचं थोडं लक्ष गेलं. एका संस्थेने पोलादपूरच्या वरच्या वाड्यांसाठी दवाखान्याची गाडी सुरू केली. डॉक्टर, नर्स, औषधं, दर पंधरवड्याला एक फेरी. ज्याला तपासून घ्यायचं त्याने वेबसाइटवर नाव नोंदवायचं. संस्थेचं ऑफिस पुण्यात. गाडी एकच आणि मागणी दुसरीकडूनही येऊ लागली, तेव्हा त्यांनी आम्हाला विचारलं की कोणत्या फेरीला लोक खरोखर नावं नोंदवतात ते सांगा, जिथे गरज नाही ती फेरी बंद करू.

सर तेव्हा लेकीकडे मुंबईला गेले होते. मी एकटीने काम उरकायचं ठरवलं. वरच्या वाड्यांच्या फेरीच्या नोंदी उघडल्या तर बघते काय, पत्ते जवळजवळ सगळे मुंबईकडचे. नालासोपारा, घाटकोपर, भांडुप. गाडी जाते डोंगरात, मग भांडुपचा माणूस नाव कशाला नोंदवेल? कुणीतरी गावाचे फोटो बघता बघता चुकून बटण दाबलं असणार, असं मी ठरवलं आणि ती सगळी नावं कचरा म्हणून काढून टाकली. आमच्या धंद्यात याला साफसफाई म्हणतात. उरली चार नावं. मी सुंदर अहवाल केला, त्यात रंगीत आलेख घातले आणि सरांना न दाखवता पाठवून दिला. आठवड्याने संस्थेचं पत्र आलं, पुढल्या महिन्यापासून वरच्या वाड्यांची फेरी बंद.

सर परत आले. त्यांनी पत्र वाचलं, माझा अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सरकवला. "कोणाला फोन केलास?" मी कुणालाच केला नव्हता. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "उद्या साडेसहाची एसटी. डबा घेऊन ये."

पोलादपूरला उतरून पुढे माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपने आणि शेवटी पायी आम्ही वर गेलो. पहिल्याच घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी. गाडी आली की हीच औषधं पुन्हा द्या म्हणून सांगता यावं यासाठी तिने एकही पाकीट टाकलं नव्हतं. सरांनी तिला मावशी म्हणून हाक मारली आणि नाव कोण नोंदवतं ते विचारलं.

"माझी सून घालते की. नालासोपाऱ्याला असते," ती म्हणाली. "मला काय त्यातलं कळतंय? हितं रेंज बी नाय. मी तिला सांगते, ती तिकडनं नाव घालते."

फॉर्मवर 'तुमचा पत्ता' असं लिहिलेलं होतं. सुनेने प्रामाणिकपणे आपला पत्ता घातला होता. वाडीतल्या घराघरात हेच. आणि मला हे कळायला हवं होतं, कारण माझ्या स्वतःच्या आजीचा गॅस डोंबिवलीहून काका नोंदवतात. आमच्याकडे कुणाचं काम मुंबईहून होत नाही? एवढी साधी गोष्ट कंप्युटरपुढे बसल्यावर माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती.

म्हातारी मग माझ्याकडे वळली. "गाडी बंद होणार हाय असं कानावर आलंय. खरं हाय का गो?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी तिला सगळं सांगितलं. "नाय मावशी. ह्या पोरीच्या हातनं एक चूक झालीय. ती निस्तरायला आलोय आम्ही." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "व्हय का?" ती म्हणाली, "मग बस की. चाय पी." त्या कोऱ्या चहाएवढी शिक्षा मला आजवर कुणी केलेली नाही.

खाली आल्यावर मी कचऱ्यात टाकलेली सगळी नावं परत काढली आणि एकेकाला फोन लावला. तीन दिवस लागले. कुणी रिक्षा चालवत होतं, कुणी कामावरून सुटून रस्त्यात होतं, एक मुलगी वडिलांच्या साखरेबद्दल बोलता बोलता रडायला लागली. मी पहिल्यांदाच ऐकत होते की माझ्या आलेखातल्या ठिपक्यांना आई-वडील आहेत. मग संस्थेला पत्र लिहिलं, 'ही चूक माझी आहे.' सरांनी पेन घेतलं, 'माझी' खोडलं आणि 'आमची' केलं. संस्थेने फेरी चालू ठेवली. फॉर्मवर एका प्रश्नाची भर पडली: 'कोणासाठी?' तो प्रश्न मी सुचवला, याचा मला माझ्या पहिल्या वर्गापेक्षा जास्त अभिमान आहे. वहीत मी माझी चूक लिहिली तेव्हा तिने दोन पानं घेतली. सरांनी खाली शेरा मारला, 'चहा चांगला होता.'

पुढे दोन वर्षांनी सर वाडीला परत गेले. गुडघे कुरकुरत होते, घराचं छप्पर नवीन घालून झालं होतं आणि काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, मुंबई-महाड दोन्हीचा कंटाळा आला होता. ऑफिसची किल्ली माझ्या हातात ठेवताना त्यांनी भाषण केलं नाही. "फोन लावायचा तर सकाळी लाव," एवढं सांगितलं, "तवा मी वरच्या आंब्याखाली असतो. तिथंच रेंज हाय." वही त्यांनी टेबलावरच ठेवली. एसटी सुटली तेव्हा मी रडले आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

आता ऑफिसात आम्ही तिघी आहोत. नवीन मुलींना मी 'कोणाला फोन केलास?' विचारते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तोच राग दिसतो आणि मला बरं वाटतं. त्या दवाखान्याच्या गाडीचं काम अजून आमच्याकडेच आहे.

गेल्या महिन्यात वरच्या वाड्यांच्या नोंदी बघत होते. एक नाव मुंबईहून आलेलं. 'कोणासाठी?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'वडिलांसाठी'. वाडीचं नाव वाचलं, मग रुग्णाचं नाव वाचलं. आमच्या दारावरच्या पाटीवर अजूनही आहे तेच. सकाळचीच वेळ होती, मी फोन लावला.

"सर, एक नोंदणी आलीय. खात्री करायला फोन केला."

पलीकडे आंब्याखालचा वारा ऐकू येत होता. "पोरीनं घातलं होय नाव," ते म्हणाले. "तिच्या आईनं सांगितलं असणार. काय नाय गो, उठताना जरा गरगरतंय." मग त्या पडवीतल्या म्हातारीच्याच सुरात विचारलं, "गाडी येणार हाय ना गुरुवारी?"

"येणार आहे, सर. मीही त्याच गाडीतून येतेय."

"मग येताना ती वही आण," सर म्हणाले. "माझी एक नोंद राहिलीय. महिनाभर गरगरतंय, आणि मी कोणाला फोन केला नाय."