फ्रीजमधली रिठ्याची बाटली

नवऱ्याच्या चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, तेव्हा मी जिथून जमेल तिथून घरखर्च कमी करायला लागले. भांड्यांचं लिक्विड आणणं थांबवलं. रिठे भिजत घालायचे, उकळून कुस्करायचे, गाळून त्यात लिंबाचा रस आणि मीठ टाकायचं. फेस विकतच्यासारखा येत नाही, पण भांडी स्वच्छ निघतात. अडचण एकच. बाहेर राहिलं की दोन-तीन दिवसांत त्याला वास सुटतो, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं.

थेरगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एका गॅरेजवाल्याचं कुटुंब राहतं. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणते. विकतच्या लिक्विडनं तिच्या हातांना भेगा पडायच्या. "ताई, मला पण द्या ना थोडं," म्हणाली आणि स्वतःच सरबताची एक रिकामी बाटली धुऊन आणून दिली.

रमजान चालू होता. सकाळी ऑफिसला निघताना मी भरलेली बाटली घेऊन त्यांची बेल वाजवली. भाभी बाजारात गेली होती. दार तिच्या सासऱ्यांनी उघडलं. चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ते आवाजावरूनच ओळखतात.

"चाचा, भाभीसाठी आणलंय. फ्रीजमध्ये ठेवते हं, नाहीतर खराब होईल."

"ठेव बेटी, ठेव."

मी फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात बाटली ठेवली आणि बस पकडायला पळाले.

आकुर्डीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी काम करते. साडेपाचच्या सुमारास शेजारच्या मॅडमनी पर्समधून कोकम सरबताची बाटली काढली आणि मला सकाळी ठेवलेली बाटली आठवली. रिठ्याचं पाणी तसंच दिसतं, तांबूस. आणि त्या बाटलीवरचं सरबताचं लेबल मी काढलंच नव्हतं.

भाभीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. माझा नवरा सेकंड शिफ्टला, त्यांचे फोन गेटवरच जमा करून घेतात. सोसायटीत आणखी कोणाला सांगावं, तर सांगायचं काय? समोरच्यांच्या फ्रीजमध्ये मी साबण ठेवून आलेय म्हणून?

अर्धवट काम टाकून निघाले. बस लगेच मिळाली, पण डांगे चौकाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. खिडकीतून ऊन उतरताना दिसत होतं, रोजा सोडायची वेळ जवळ येत होती. फोन कानाला लावलेला तसाच होता. कंडक्टरला म्हटलं, "दादा, इथंच उतरवा मला." तो म्हणाला, "स्टॉप नाही इथं, मॅडम." माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बेल मारली.

पळता पळता अजान ऐकू आली. मी रस्त्यातच मोठ्यानं "नको, नको" म्हणाले. एक बाई वळून बघायला लागली.

त्यांचं दार उघडंच होतं. चाचा बेसिनवर वाकून ओकत होते आणि भाभी त्यांची पाठ चोळत होती. चटईवर खजुराची ताटली, शेजारी ग्लास, ग्लासात फेस.

"ताई, काय होतं त्या बाटलीत?" भाभी ओरडली. "मला वाटलं, अब्बांनी सरबत मागवलं! तुम्ही येऊन गेलात हे ते बोललेच नाहीत!"

"रिठा. भांड्यांचं. मी चाचांना सांगितलं नाही..."

तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं आधी कधी बघितलं नव्हतं. तिचा नवरा गॅरेजमधून आला. आम्ही चाचांना रिक्षात घातलं आणि चौकातल्या दवाखान्यात नेलं. बाटली माझ्या मांडीवर होती.

डॉक्टरांनी वास घेतला. "यात काय काय घातलंय? नीट आठवून सांगा. धुण्याचा सोडा?"

"नाही," मी म्हणाले. आणि लगेच मनात शंका आली. मागच्या खेपेला फरशीच्या पाण्यात घातला होता. यातही घातला होता का? सकाळी भांड्यांचं आणि फरशीचं अशी दोन पातेली शेजारी शेजारी होती. मला खरंच आठवेना. मी डोळे मिटून सगळा ओटा पुन्हा डोळ्यांपुढे आणला. सोड्याची पुडी डब्यात बंद होती, रबर लावलेलं होतं. "नाही घातला. नक्की नाही."

"एकच घोट गेलाय," डॉक्टर म्हणाले. घसा तपासला, तासभर बसवून ठेवलं. मग घरी सोडलं. घसा दोन दिवस दुखेल, पाणी पीत राहा, तोवर उपवास नको.

रिक्षातून परत येताना चाचा पहिल्यांदा बोलले. आवाज बसला होता. "कडू होतं गं बेटी. फार कडू." भाभी बाहेर बघत राहिली.

दोन रोजे माझ्यामुळे सुटले. भाभी आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. मी घरातली प्रत्येक बाटली रिकामी केली, लेबलं खरवडून काढली. रिठ्याचं पाणी आता स्टीलच्या डब्यात असतं आणि ते आमच्या घराबाहेर जात नाही. तरी ऑफिसात बसले असताना अजूनही मध्येच वाटतं, मी कुठेतरी काहीतरी ठेवून आलेय.

ईद झाल्यावर ऐन उन्हाळ्यात चाचांनी ते दोन रोजे पुरे केले. "एवढ्या उन्हात कशाला, चाचा?" मी जिन्यात विचारलं.

"राहिले होते ना," ते म्हणाले.

ते दोन्ही दिवस दुपारी मी जेवले नाही. डबा तसाच घरी आणला.