सुंदराक्कांची जुनी स्प्रिंग

बँकेच्या बदलीवर कुंभकोणमला, मेलकावेरीत राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी मी एका बाईंची कॉफी पळवली. शेजारच्या ओट्यावर सत्तरीला टेकलेल्या एक बाई उभ्या होत्या. उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ पुढे, हातात काठोकाठ भरलेला पितळी पेला आणि तोंड माझ्याकडे. काय हे आतिथ्य, असं मनात म्हणत मी पुढे झालो, पेला घेतला आणि पिऊनही टाकला. बाईंचा हात हवेत तसाच होता. मग म्हणाल्या, "सरी, असूं दे. प्यालांत तर प्यालांत. अत्तां आंत जाऊन दुसरा भरून आणा. माझा सराव मोडला."

या सुंदराबाई. गल्ली त्यांना अक्का म्हणे. मराठ्यांच्या राज्यात त्यांचं घराणं इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आणि ती अशी, की मला आपल्या खापरपणजीशी बोलतोय असं वाटावं. त्यांना मात्र माझीच कीव यायची. "तुमची मराठी कच्ची अहे. अमची मुरलेली," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर सांगत.

सराव होता पिस्तुलाचा. अक्का मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या होत्या. कॉलेजात असताना छात्रसेनेत त्यांनी नेम धरायला शिकून घेतलं, पुढे खेळाडू म्हणून रीतसर परवाना मिळवला आणि स्पर्धेचं अर्धस्वयंचलित पिस्तूल घेतलं. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं, चाप मात्र दर वेळी आपणच ओढायचा, अशी त्याची रचना. नेम एका हाताने धरायचा, दुसऱ्याचा आधार चालत नाही. म्हणून हा पेला. "कॉफी हालली, मणजे गोळी चुकली," त्या म्हणत.

मी गेलो त्याच वर्षी त्यांच्या अंगठ्यांचे सांधे सुजले. पहिलं काडतूस भरताना पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग मागे खेचावा लागतो. आतली जाड स्प्रिंग त्याला पुढे ढकलत असते. ती ओढ अक्कांच्या बोटांना झेपेना. त्यांचा भाचा श्रीनिवास वरच्या मजल्यावर राही, तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांचा व्यापार करी. माणूस प्रेमळ, पण घाबरट. तो रोज जिना उतरता उतरता म्हणे, "अत्या, पुरे झालें. ठाण्यांत जमा करा तें. या वयांत काय मणून?"

"या वयांत मणूनच," अक्का म्हणाल्या. "तरणी होत्यें तेव्हां लग्न ठरत नाहीं मणून सोड सांगटलेंत. अत्तां म्हातारी झाल्यें मणून सोड. मग धरूं कधीं?" जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. या वर्षी आपण उतरलो नाही, तर हे लोक पिस्तूल पुन्हा हातात येऊ देणार नाहीत, हे त्या पुरतं ओळखून होत्या. मला वाटतं, त्यांना हरण्याची भीती कधीच नव्हती. आपल्याला कोणीतरी प्रेमाने घरी बसवेल, याची होती.

तिरुच्चीला एक परवानाधारक कारागीर होता. बसमध्ये अक्का पिस्तुलाची कुलूपबंद पेटी मांडीवर घेऊन बसल्या, परवाना कमरेच्या पिशवीत. कारागिराने जाड स्प्रिंग काढून हलकी बसवली. मग भीत भीत सुचवलं, चापाचीही स्प्रिंग मऊ घालू का, बोटाला बरं पडेल. अक्कांनी बोट दोनदा वाकवून पाहिलं आणि हो म्हणाल्या. स्पर्धेत चाप फार हलका चालत नाही. ठरलेलं वजन टांगलं तरी तो जागचा हलता कामा नये. कारागिराने वजन लावून दाखवलं. पेललं, पण जेमतेम. अक्कांनी काढलेल्या दोन्ही जुन्या स्प्रिंगा मागून घेतल्या आणि कुंकवाच्या डबीत ठेवल्या. "चाकरी केलीय त्यांनीं. टाकूं कशा?"

नंतरचे आठवडे अक्का नुसत्या उडत होत्या. नेम असा बसू लागला की श्रीनिवासही जिन्यात गप्प झाला.

स्पर्धा तिरुविडैमरुदूरच्या बाजूला, भातशेतीपलीकडच्या मैदानावर होती. आधी शस्त्रांची तपासणी. तपासनीस तरुण होता. त्याने अक्कांच्या पिस्तुलाच्या चापाला वजन अडकवलं, पिस्तूल अलगद उचललं आणि खट्‌कन चाप सुटला. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. इतक्या सरावाने मऊ स्प्रिंग आणखी ढिली पडली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, तुम्ही मारा. मी पास लिहितो. तुमच्या वयाला कोण विचारतंय?" एव्हाना मला तेवढं तमिळ कळत होतं. मला तर तो देवमाणूसच वाटला.

अक्कांचे कान लाल झाले. "वयाचं वजन वेगळं असतं का रे?" त्यांनी विचारलं. पिस्तूल उचललं, बाकावर फडकं पसरलं आणि पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

त्यांची पाळी यायला थोडाच अवधी होता. सुजलेल्या बोटांनी त्या पिस्तूल उकलू लागल्या. एक बारीक पिन निसटून गवतात पडली. ती त्यांनी गुडघे टेकून शोधली. माझ्याने बघवेना. मी हात पुढे केला, तशा कडाडल्या, "हात मागें! परवाना माझ्या नांवाचा अहे." अंगठ्याच्या सांध्याशी जोर लावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने त्या तपासनिसाला, कारागिराला आणि स्वतःला मुरलेल्या मराठीत शिव्या देत होत्या. चापाची जुनी स्प्रिंग बसली. वजन टांगलं. चाप हलला नाही.

मग त्या उभ्या राहिल्या. पेल्याची सवय, हात ताठ होता, पण जुना चाप ओढताना दर गोळीला नेम ढळत होता. निकालात त्या खालून दुसऱ्या आल्या.

तपासनीस हळहळला. "अम्मा, त्या मऊ स्प्रिंगवर पदक नक्की होतं."

"होतं," अक्का म्हणाल्या. "पण ते तू दिलेलं झालं असतं." आणि आपला भोकं पडलेला कागद घडी घालून त्यांनी कमरेला खोचला.

पुढे माझी बदली झाली. परवा श्रीनिवासचा फोन आला, आवाज रडवेला. अत्याचा उजवा अंगठा आता पार गेला म्हणाला. मला वाईट वाटलं. संपलं तर, मी म्हटलं.

"संपलें कुठें? पिस्तुलाला डाव्या हाताची मूठ करायला घातलीय तिरुच्चीला! रोज सगळा ओटा कॉफीनें भिजतो. तुमी तरी सांगा त्यांना."

तेवढ्यात फोन त्याच्या हातातून गेला.

"अर्धा पेला राहतो अत्तां," अक्का म्हणाल्या. "पुढच्या वर्षीं या. पण मधेंच पिऊं नक्का."